तांदळाच्या डब्यातली लेन्स

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

ती. सुखराममामांस,

पत्राच्या सुरुवातीलाच मी दरवेळी अडते. मी तुम्हाला नमस्कार लिहायचा, की मामा भाचीच्या पाया पडतो म्हणून आशीर्वाद लिहायचा? या वेळी दोन्ही टाळते, कारण मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे.

फोनवरच बोलले असते. पण अडचणीचा विषय निघाला की तुम्ही "हॅलो, आवाज येत नाही" म्हणून फोन ठेवता, हे आईनं मला सांगून ठेवलंय. पत्राला आवाज लागत नाही.

तर मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला. सुट्टीच्या दिवशी लग्नाबारशाचे फोटो काढते. त्याच्यासोबतची लेन्स इतकी धारदार आहे की मागच्या महिन्यात एका नवरीनं स्वतःचा फोटो बघून मला विचारलं, "ताई, मी आजारी होते का त्या दिवशी?" इथले पुष्कळ फोटोग्राफर आता फिल्मच्या जमान्यातल्या लेन्सा शोधून आणतात. मध्ये एक कडं लावायचं, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. तिच्यातून चेहऱ्यावर उजेड असा अलगद पडतो की माणूस स्वतःलाच आवडायला लागतो.

मला लगेच रुपा फोटो स्टुडिओ आठवला. तुमची ती काळी, जड, आट्यांची रशियन लेन्स. पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसवून तुम्ही माझा फोटो काढला होता तो तिच्यातूनच ना? तीन वर्षांपूर्वी लेन्सला बुरशी लागली म्हणून तुम्ही स्टुडिओला कुलूप लावलं. बुरशी असली तर मी इथे साफ करून घेईन. पडून राहण्यापेक्षा मला द्या.

भाचीनं मागितलं आणि मामानं नाही म्हटलं, असं आपल्या साकोली तालुक्यात अजून घडलेलं नाही. मामीला नमस्कार.

तुमची,
शुभांगी

*

सानगडी, १२ ऑगस्ट २०२५

चि. भाचीबाईस मामाचा पायावर माथा.

पत्र मिळालं. माझ्या चष्म्याची दांडी तुटली आहे म्हणून मामीनं वाचून दाखवलं. "आवाज येत नाही" हे वाक्य तिनं पुन्हा पुन्हा वाचलं, मला ऐकू आलं नसेल म्हणून.

लेन्स मागितलीस, दिली. विषय संपला. पण घेण्याआधी माल कसा आहे ते ऐक. तिच्यात धुकं भरलंय. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या रात्री, नेहमीसारखा मंचासमोर उभा राहिलो. नाटकाचा पडदा उघडला की सगळी मंडळी मंचावर आणि अख्खं गाव समोर, हा फोटो दरसाल माझा. कॅमेरा डोळ्याला लावला तर राजा, राणी, खलनायक सगळे दुधात बुडालेले. बटण दाबलं नाही. घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं. आता साकोलीहून एकजण येतो, बटण दाबतो आणि जेवून जातो. त्याच्या फोटोत आमच्या गावची माणसं आधार कार्डावरच्यासारखी दिसतात.

लेन्स मी तांदळाच्या डब्यात ठेवतो. काचेला ओल बाधते आणि तांदूळ ओल पितो, म्हणून तीच जागा चांगली. तरी बुरशी लागलीच. आता तुझं नशीब.

सोबत पाच किलो चिन्नोर तांदूळ पाठवतोय. लेन्स त्यातच आहे. घाईत वेगळी बांधायला जमलं नाही, तेवढी शोधून घे.

मामा

*

पुणे, २३ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

पाच किलो तांदूळ मी वर्तमानपत्रं पसरून त्यावर ओतला आणि मूठमूठ करून चाळला. घरमालकीणबाईंना वाटलं मी खडे निवडतेय. आजकालच्या मुली एवढं करतात, असं कौतुक करत त्या मदतीला बसल्या. शेवटी मिळालं काय? लेन्सचं टोपण!

मामा, टोपी पोचली. डोकं कुठे आहे?

घरमालकीणबाईंना भात फार आवडला. मला असे आणखी कोणी मामा आहेत का, असं विचारत होत्या. आणि चष्म्याची दांडी लवकर बसवून घ्या. तुमच्या पत्रातल्या ओळी धानाच्या बांधीच्या धुऱ्यासारख्या वाकत वाकत कागदाबाहेर गेल्यात. शेवटच्या दोन शब्दांसाठी मला पाकीट बघावं लागलं.

शुभांगी

*

सानगडी, २ सप्टेंबर २०२५

शुभांगीले मामीचा आशीर्वाद.

पोरी, ह्या कोहळ्याच्या वड्या हायेत आन् डब्याच्या बुडाले कापडात बांधून लेन्स हाये. आधी वड्या काढ, मंग लेन्स. तुह्या मामाले ठाऊक नाही. टोपण तांदळात टाकून पाठवाची अक्कल त्यायचीच. दिवसभर आपल्याशीच हासून राहिले होते.

लेन्सच्या जागी मी जुन्या टॉर्चचं तोंड त्याच कापडात बांधून डब्यात ठेवलं. तेही गोल, तेही काचेचं. समजत नाही त्यायले.

तीन वर्सं झाले, मानूस घरी बसला हाये. बसाव तं बसाव, पन माह्या चुलीजवळ बसते. भाजी करपली म्हनते, ते करपली नसते, ते मेथी असते. परवा वासरू आंगनात आलं तं त्याले म्हनलं, "या कृष्णराव, बसा." कृष्णराव तं तिकडे पुन्याले, लेकाकडे गेले हायेत. हासाव का रडाव ते समजे ना मले.

मले वाटते बुरशी लेन्सले नाही लागली. पन मी बोलली का म्हनतात, "तुले फोटोतलं काय समजते?" मनून तुह्याकडे पाठवली. तू पाहून सांग. मले हा मानूस पुन्हा मंडईत कॅमेरा घेऊन उभा राह्यलेला पाहाचा हाये. चुलीजवळ नको.

वड्या तेल कमी टाकून तळ.

तुझी मामी,
सुलोचना

*

पुणे, १४ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

लेन्सचं राहू द्या, मी काही रागावलेली नाही. नव्या लेन्सवरच भागवते.

आपल्या गावचे कृष्णराव इथे लेकाकडे आले आहेत. मंडईच्या समितीचे अध्यक्ष पुण्यात एकटे कंटाळले होते, म्हणून मी त्यांना बागेत नेऊन त्यांचे फोटो काढले. त्यातले दोन मोठे करून पाठवतेय. दोन्ही एकाच जागी, एकाच उजेडात काढलेत. तुम्ही माझे गुरू. कोणता चांगला आहे ते सांगा. आणि एक विनंती, मामीला विचारू नका. तुम्हीच बघा.

शुभांगी

*

सानगडी, २५ सप्टेंबर २०२५

चि. भाचीबाईस मामाचा पायावर माथा.

फोटो खिडकीत नेऊन पाहिले, अंगणात नेऊन पाहिले, गोठ्याच्या दारात उन्हात धरून पाहिले. मामीला विचारलं नाही. ती आपणहून काहीतरी सांगायला आली होती, तिला हाकललं.

भाचीबाई, मनाला लावून घेऊ नकोस, पण तुला दुकानदारानं बनवलं. दोन्ही फोटो धूसर! कृष्णराव आहेत हे त्यांच्या धोतरावरून कळलं. एवढे पैसे मोजून आणलेल्या नव्याकोऱ्या लेन्सला बुरशी? माझी तरी पस्तीस वर्षं राबून मग खराब झाली. मला हसू आवरेना. मामी मात्र हसली नाही. तिला फोटोतलं काही कळत नाही.

तुझ्या पत्रानंतर मी डब्यात हात घालून माझी लेन्सही बाहेर काढली. म्हटलं, एकदा शेवटचं बघू. डोळ्याला लावली. काहीच दिसत नाही! पार आंधळी झाली बिचारी. कापडात बांधून परत तांदळात ठेवली. तिला आता शांत झोपू दे. तुला तिच्यापासून वाचवलं म्हणून माझे आभार मान.

नवी लेन्स दुकानदाराच्या तोंडावर फेक आणि पैसे परत घे.

मामा

*

पुणे, ३० सप्टेंबर २०२५

मामी, हे पत्र मामांना मोठ्यानं वाचून दाखव. मध्ये उठून गेले तर मागे मागे जाऊन वाच.

मामा, तुम्ही डब्यातून काढून डोळ्याला लावलीत ती लेन्स नव्हती. ते टॉर्चचं तोंड होतं. तुमची लेन्स तीन आठवड्यांपासून माझ्याकडे आहे. कशी आली ते विचारू नका, वड्या चांगल्या झाल्या होत्या.

लेन्स आली त्या दिवशी मी ती कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेरा तिला ओळखेचना! पडद्यावर लिहून आलं की लेन्स लावलेलीच नाही. लेन्स नसली तरी फोटो काढ, असं त्याला आतून सांगावं लागलं तेव्हा कुठे बटण चाललं. मग फोकस हातानं फिरवायचा. मी फिरवत बसले आणि कृष्णराव मान हलवत बसले. त्या दोन फोटोंपैकी एक तिचा होता, दुसरा माझ्या धारदार लेन्सचा; तुम्हाला दोन्ही सारखेच धूसर दिसले.

कृष्णरावांचे फोटो काढण्याआधी मी ती एका जाणकाराकडे नेली होती. त्यानं दिव्यावर धरून पुढून-मागून बघितली. बुरशी नाही, धुकं नाही, एक ओरखडासुद्धा नाही. तांदळानं तिला जपलंय, मामा. लेन्स स्वच्छ आहे.

आता पुढचं मी सांगायला नको. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. मंडईच्या रात्री दूध सांडलं होतं ते तुमच्या डोळ्यात. त्यासाठी तुम्ही तीन वर्षं एका बिचाऱ्या काचेला दोष देत बसलात आणि स्टुडिओला कुलूप लावलं. मला तुमचा फार राग आलाय, आणि रडूही येतंय.

आता भाची म्हणून मागते. भंडाऱ्याला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. पहिल्या मागणीला तांदूळ पाठवलात. या मागणीला काय पाठवाल?

शुभांगी

*

सानगडी, ८ ऑक्टोबर २०२५

चि. भाचीबाईस मामाचा पायावर माथा.

हो.

तेवढी दिवाळी होऊ दे. मग धान कापणीला येतं, घरच्या माणसानं बांधीवर असायला हवं. मग मंडई, पाहुणे येतील. मग नाटकांचा हंगाम, तो काही सोडता येत नाही. मग लग्नसराई. उन्हाळ्यात डोळ्याला ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात ओल वाईट. तेवढं सोडलं तर माझी तयारी आहे.

मामा

*

पुणे, १४ ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

तुमचा "हो" मिळाला. तांदळापेक्षा हलका निघाला.

ठीक आहे, मी आग्रह करत नाही. एक आनंदाची बातमी द्यायची होती. कृष्णरावांना तुमच्या लेन्सनं काढलेला त्यांचा फोटो फार आवडला. म्हणाले, "बाप्पा, मी असा दिसतो काय! हा तं मंडईत मंचाजवळ लावूनच टाकतो." मी तो मोठा करून चौकटीत बसवून दिला आहे. दिवाळीला ते घेऊन येतील.

आता लेन्स तुमची, मग श्रेय मी कसं घेऊ? म्हणून खाली ठळक अक्षरांत छापून घेतलं: "छायाचित्र : सुखराम, रुपा फोटो स्टुडिओ, सानगडी."

जुनी लेन्स हातानं फोकस करायचा मला अजून सराव नाही. त्यामुळे फोटोत फोकस थोडा इकडचा तिकडे झाला आहे. पण तुम्हाला काय, सगळं सारखंच दिसतं. मामीला विचारा कसा आलाय.

शुभांगी

*

सानगडी, १६ नोव्हेंबर २०२५

चि. भाचीबाईस मामाचा पायावर माथा. या वेळी माथा जरा जपून ठेवलाय, वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

ओळी बघ. आहे एखादी वाकडी?

कृष्णराव दिवाळीच्या पाडव्याला चौकट घेऊन घरी आले. मी मामीला विचारलं, "कसा हाये फोटो?" ती म्हणाली, "कान लई सुंदर आला." मी म्हटलं, चेहरा? ती म्हणाली, "चेहरा हाये ना कानाच्या बाजूले." कृष्णराव खुशीत. त्यांनी जाता जाता गावभर चौकट फिरवली. संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर एकजण म्हणाला, "सुखरामभाऊ, कान काढावा तं तुमीच!" माझ्या हातानं या गावातल्या कितीतरी पोरींची लग्नं जुळली, म्हाताऱ्यांच्या तसबिरी झाल्या, आणि माझं नाव एका कानाखाली! रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी मामीला म्हटलं, पिशवी भर. तर पिशवी भरलेलीच होती.

भंडाऱ्याला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जुनी लेन्स काढून नवी बसवतात म्हणे. मी डॉक्टरांना सांगितलं, माझी भाची याच्या उलट करते. ते हसले नाहीत, कामात होते.

आता टॉर्चचं. तुम्हा दोघींना वाटतं मी फसलो. अगं, पस्तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता फिल्म धुतली मी. डब्यात हात घातला त्याच क्षणी कळलं की हे आपल्या टॉर्चचं तोंड आहे आणि लेन्स पुण्याला पोचली. तरी काही बोललो नाही. तू लेन्स बघशील आणि लिहिशील, "मामा, खरंच बुरशी आहे," याची वाट बघत बसलो. लेन्स खराब निघाली असती तर मी सुटलो असतो. लेन्स दुसरी मिळते, भाचीबाई. डोळ्याचं मला भ्या वाटत होतं. ऑपरेशन बिघडलं तर जेवढं दिसतं तेवढंही जाईल, असं वाटायचं. म्हणून मी मुद्दाम ते टॉर्चचं तोंड डोळ्याला लावून तुला तसं लिहिलं. फोटोंवर हसलो तेही तसंच.

सोबत नवा तांदूळ येतोय. चाळून घे, त्यात ते टॉर्चचं तोंड आहे. मामीची आठवण म्हणून ठेव.

पट्टी काढली तेव्हा समोर मामी उभी होती. मी बघतच राहिलो. म्हटलं, "तुये केस कदी पांढरे झाले?"

ती म्हणाली, "होऊन तीन वर्सं झाले. तुमची बुरशी आड आली."

अंगणात तिचं लुगडं वाळत होतं. मी ते मातकट समजत होतो. निळं आहे गं ते. चांगलं गडद निळं. ते नेसून ती रोज माझ्यासमोरून गेली असेल. मी चुलीजवळ बसून भाजीत खोड्या काढत होतो.

मंडई पुढच्या आठवड्यात आहे. लेन्स, ते मधलं कडं आणि तुझा कॅमेरा घेऊन ये. साकोलीच्या माणसाला मी निरोप धाडलाय, जेवायला ये, बटण मी दाबीन. तुला हातानं फोकस कसा करायचा तेही दाखवतो. कृष्णरावांना पुन्हा बसवू, या खेपेला नाकासकट.

पण सगळ्यांत आधी मामीचा फोटो. अख्ख्या गावाचे काढले, तिचा लग्नानंतर एकही नीट काढला नाही. ती नाही म्हणते. दुसरा डोळाही करू नका म्हणून मागे लागली आहे. म्हणते, "एक राहू द्या तसाच. त्या डोळ्याले तरी मी तरणी दिसू द्या."

मी तिला सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचीही तारीख घेतली आहे. भाचीनं डोळ्यांचं म्हटलं होतं, एका डोळ्याचं नाही.

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "मंग फोटो कोन्त्या डोळ्यानं काढता?"

म्हटलं, "नव्या."

आज सकाळी तिनं ते निळं लुगडं घडी करून उशीखाली ठेवलंय, इस्त्रीसाठी.

तुझा,
मामा